जुन्या मोटारीचे दिवे एलईडी करताना: आधी मागचे, हेडलाइट सर्वांत शेवटी

आपली मोटार साठच्या दशकातली, १२ व्होल्टची, डायनामोवर (इंजिनाच्या फेऱ्यांवर वीज बनवणाऱ्या जुन्या जनित्रावर) बॅटरी चार्ज होणारी आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ पद्धतीची आहे. तिचे दिवे मिणमिणतात, म्हणून हेडलाइटपासून डॅशबोर्डपर्यंतच्या सर्व बल्बांचा एलईडी संच एकदम घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संच घेऊ नये. प्रत्येक दिव्याचे काम वेगळे असते, त्यामुळे निर्णयही दिव्यागणिक वेगळा घ्यावा लागतो. मागचे दिवे आणि इंडिकेटर जरूर बदलावेत, डॅशबोर्डचे विचारपूर्वक बदलावेत, आणि हेडलाइटमध्ये तूर्त फिलामेंटचाच बल्ब राहू द्यावा.

मागच्या दिव्यांना अग्रक्रम देण्याचे कारण उघड आहे. त्या काळच्या गाडीचे ब्रेकलाइट आकाराने लहान असतात आणि भर उन्हात ते पेटले आहेत की नाहीत, हेच मागच्या चालकाला कळत नाही. शिवाय फिलामेंट तापून पूर्ण प्रकाश द्यायला साधारण ०.२ सेकंद घेतो, तर एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे सरकलेले असते. वीजबचतीचा फायदा मात्र लोक समजतात तेथे नसतो. चालत्या गाडीत सर्वाधिक वीज हेडलाइट खातात, आणि ते आपण बदलणार नाही. फायदा दिसतो तो चौकात थांबल्यावर. पाय ब्रेकवर, इंडिकेटर चालू, छोटे दिवे पेटलेले, अशा स्थितीत हे फिलामेंट बल्ब मिळून सरासरी सात अँपिअर ओढतात आणि डायनामो इंजिनाच्या त्या मंद फेऱ्यांवर जवळजवळ काहीच देत नसतो. एलईडी लावल्यावर हीच ओढ एक-दीड अँपिअरवर येते. जुन्या हायड्रॉलिक ब्रेक स्विचची संपर्कटोके जळण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी होते.

बल्ब मागवण्यापूर्वी होल्डर आणि अर्थिंग पाहावे. दिवा बॉडीला ज्या स्क्रूने बसतो, तोच बहुधा त्याच्या करंटचा परतीचा मार्ग असतो, आणि त्याखाली गंज किंवा रंगाचा थर असतो. दिवा पेटवून मल्टिमीटरचे एक टोक बल्बच्या पितळी अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ टोकाला लावावे. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला, तर आधी ती जागा घासून स्वच्छ करावी, शक्य असल्यास अर्थची स्वतंत्र वायर ओढावी. आपले दिवे मिणमिणण्याचे निम्मे कारण इथेच सापडण्याची शक्यता आहे. फिलामेंट खराब अर्थिंग काही प्रमाणात सहन करतो, केवळ मंद पेटतो. एलईडी मात्र चोरट्या वाटेने आलेल्या थोड्याशा करंटनेही उजळतो आणि भलत्याच वेळी मिणमिणत राहतो.

बल्बचे बूड तपासणे सोपे आहे. ब्रेकचा किंवा इंडिकेटरचा एकेरी बल्ब सहसा बीए१५एस, ब्रेक आणि टेल एकत्र असलेला वरखाली खिळ्यांचा बीएवाय१५डी, आणि पार्किंगचे व डॅशबोर्डचे छोटे बल्ब बीए९एस असतात. पोलॅरिटीकडे, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या दिशेकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. बाजारातले पुष्कळ एलईडी निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून बनवलेले असतात आणि आपल्या गाडीत ते पेटणारच नाहीत. पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेला, किंवा आत ब्रिज रेक्टिफायर (करंटची दिशा आपोआप जुळवून घेणारे सर्किट) असल्यामुळे दोन्ही दिशांनी चालणारा बल्ब मागावा. डायनामोचा यांत्रिक रेग्युलेटर व्होल्टेज स्थिर राखत नाही, म्हणून १० ते ३० व्होल्टपर्यंत चालणारे, आत करंट नियंत्रित करणारे सर्किट असलेले बल्बच घ्यावेत. केवळ रेझिस्टर घातलेले स्वस्त बल्ब फेऱ्यांबरोबर उजळतात आणि मंदावतात, तेही फार दिवस नाही.

रंगाचा नियम असा, की लाल काचेमागे लाल एलईडी आणि नारिंगी काचेमागे नारिंगी एलईडी. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरील फॉस्फरच्या थरामुळे पांढरा भासतो. त्याच्या प्रकाशात लाल अंश कमी असल्यामुळे लाल काचेतून तो फिका, गुलाबीसर आणि अपेक्षेपेक्षा मंद दिसतो. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो पुष्कळदा नजरेतून सुटतो. टेललाइटच्या खालच्या अंगाला पारदर्शक काचेची छोटी खिडकी आहे का, हे वाकून पाहावे. काही गाड्यांत नंबरप्लेटवर प्रकाश पडण्यासाठी वेगळा दिवा नसतो, त्याच बल्बचा प्रकाश या खिडकीतून खाली पडतो. तेथे लाल एलईडी लावला तर नंबरप्लेट लाल उजेडात न्हाऊन निघेल, आणि ते नियमांत बसत नाही. अशा दिव्यात उबदार पांढऱ्या छटेचा एलईडी लावावा. पुढच्या पार्किंग दिव्यांनाही हीच छटा, सुमारे ३००० केल्व्हिनची, शोभते. निळसर पांढरा उजेड जुन्या क्रोमच्या कडेत विजोड दिसतो. हे अर्थात माझे मत झाले.

प्रकाश कोणत्या दिशेने फेकला जातो, हेही पाहावे लागते. दिव्यात चकचकीत रिफ्लेक्टर असेल तर बाजूंनी उजळणारा बल्ब हवा. मागची बाजू नुसती रंगवलेली असेल तर समोर तोंड असलेला. दुहेरी बल्बमध्ये टेल आणि ब्रेक यांतील फरक ठळक आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. २१/५ वॉटच्या प्रमाणित फिलामेंट बल्बमध्ये हा फरक सुमारे बारापट असतो: ४४० ल्युमेन आणि ३५ ल्युमेन. एलईडीचे टेल आधीच भगभगीत असले, तर रात्री ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळतच नाही, म्हणजे सगळा खटाटोप फुकट.

इंडिकेटरच्या बाबतीत फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा स्विच, बदलावाच लागतो. जुना फ्लॅशर बल्बांच्या करंटने तापून उघडझाप करतो. दोन २१ वॉटचे बल्ब गृहीत धरून त्याची रचना केलेली असल्याने एलईडीच्या अल्प करंटवर तो लुकलुकत नाही, किंवा अडखळत लुकलुकतो. यावर समांतर रेझिस्टर जोडण्याचा उपाय सांगितला जातो, पण मला तो पटत नाही. सहा ओहमचा रेझिस्टर १४ व्होल्टवर ३० वॉटहून अधिक उष्णता टाकतो. वाचवलेली वीज परत जाळायची आणि वर जुन्या वायरिंगशेजारी तापलेला तुकडा ठेवायचा, यात शहाणपण नाही. लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा, आणि तो पॉझिटिव्ह अर्थला चालतो का, हे विचारून घ्यावे. त्याला बहुधा अर्थची जादा वायर लागते.

फ्लॅशर बदलूनही कधीकधी एका बाजूचा इंडिकेटर दिला, की चारही दिवे लुकलुकतात. याचे मूळ डॅशबोर्डवरच्या इंडिकेटरच्या एकुलत्या दिव्यात असते. काही गाड्यांत तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो: डावी बाजू चालू असताना त्याचा करंट उजव्या बाजूच्या बल्बांतून अर्थला जातो. फिलामेंटला इतका करंट जाणवत नाही, एलईडीला पेटायला मात्र तो पुरतो. अशा वेळी दोन्ही वायरींतून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेऊन ते दिव्याच्या एका टोकाला जोडावेत आणि दुसरे टोक अर्थ करावे. आपल्या गाडीत डायोडची दिशा नेहमीच्या आकृतीच्या उलट येईल. जुन्या फ्लॅशरला तीन टोके असून तिसरे थेट या दिव्याकडे जात असेल, तर ही अडचण येणार नाही. मात्र मग नवा फ्लॅशरही तीन टोकांचा घ्यावा.

डॅशबोर्डवर घाई नको. फिरवून उजेड कमी-जास्त करायचा रिओस्टॅट एलईडीवर नीट काम करत नाही. चार्जिंगचा लाल दिवा तर फिलामेंटचाच राहू द्यावा, कारण पुढेमागे आपण डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे जनित्र) बसवलात, तर पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीची चेतना याच बल्बच्या करंटमधून मिळते. गाडीत जुना मीडियम वेव्ह रेडिओ चालू स्थितीत असेल, तर एकच एलईडी लावून तो ऐकून पाहावा. काही बल्बांतील सर्किटची खरखर रेडिओत स्पष्ट उतरते.

आता हेडलाइट. जुन्या गोल हेडलाइटची सारी करामत फिलामेंटच्या जागेवर अवलंबून असते. डिपरचा फिलामेंट केंद्राच्या किंचित पुढे असतो आणि त्याखालची पत्र्याची वाटी प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडू देते. एलईडी बल्बमध्ये चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. तो प्रकाश नेमक्या त्या बिंदूतून निघत नाही, त्यामुळे भिंतीवर उजेड भरपूर दिसूनही रस्त्यावर दूरवर पोचत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हेडलाइटच्या बंद डब्यात उष्णता कोंडून चिप स्वतःचा प्रकाश कमी करते, ते वेगळेच. बहुतेक देशांत हेडलाइटची मान्यता ठरावीक प्रकारच्या बल्बसह दिलेली असते, म्हणून तपासणीतही अडचण येऊ शकते.

त्याऐवजी बल्बपाशी पोचणारे व्होल्टेज मोजावे. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे वाटेत दहा टक्के व्होल्टेज गळाले तर तीस टक्के प्रकाश गेला. जुन्या स्विचमधून आणि झिजलेल्या वायरींतून एवढी गळती सहज होते. अप्पर आणि डिपरसाठी दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवून फ्यूजमार्गे जाड वायरीने थेट पुरवठा द्यावा, म्हणजे जुन्या स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार राहतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर त्यावर पुन्हा मुलामा द्यावा किंवा तो बदलावा. एवढे करूनही उजेड अपुरा वाटला, तर ६०/५५ वॉटच्या एच४ बल्बचे त्याच मापाचे युनिट बसते. फक्त आपला डायनामो किती अँपिअर देतो, याचा हिशेब आधी मांडावा.

सगळे बसवल्यावर एकाला मागे उभे करून टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करावेत. इंडिकेटरच्या तालावर टेललाइटही हलत असेल, तर बल्ब परत पाठवण्याची घाई न करता त्या दिव्याचा अर्थचा स्क्रू पुन्हा उघडून पाहावा.