पिंजऱ्यात जन्मलेले प्राणी जंगलात सोडून त्यांची संख्या पुन्हा वाढवावी का?

सोडावेत. पण ज्या कारणाने ते जंगलातून संपले, त्या कारणाचा बंदोबस्त आधी व्हायला हवा. माझं हे मत पक्कं झालं ते कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांमुळे.

१९८७ साली जगात मोजून २७ काँडोर उरले होते आणि तेही सगळे पिंजऱ्यात. तिथे जन्मलेल्या पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून सांभाळणारे पडद्याआड राहत. हातात काँडोरच्या डोक्याची बाहुली घालायची आणि तिच्या चोचीने घास भरवायचा. १९९२ पासून पक्षी सोडायला लागले, तर त्यातले काही विजेच्या तारांना धडकून मेले. मग पिंजऱ्यातच खोटा खांब उभा केला. त्यावर बसलं की हलका झटका. असे शिकून गेलेले पक्षी खांबांपासून लांब राहू लागले. या चिकाटीला मी मनापासून हात जोडतो.

आज ३०० हून जास्त काँडोर मोकळ्या आकाशात आहेत. तरी त्यांना सगळ्यात जास्त मारतं ते शिसं. शिकारी मागे टाकून जातात त्या आतड्या-मांसात गोळीचे बारीक कण राहतात, ते गिधाडाच्या पोटात जातात. म्हणून पक्षी पुन्हा पकडायचे, रक्त तपासायचं, विष उतरवायचं, परत सोडायचं. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली २०१९ मध्ये, म्हणजे पहिले पक्षी सोडल्यावर तब्बल २७ वर्षांनी! ही बंदी आधी आली असती तर किती जीव वाचले असते, हा विचार मला सोडत नाही.

ओमानमध्येही हेच. १९८२ पासून सोडलेले अरबी ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांची वाळवंटी हरणं, छान वाढले, पण १९९६ नंतर चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली आणि कळप ओसरले.

कधी कधी मात्र कारण हटवता येत नाही. हवाई बेटांवरचा अलाला कावळा २००२ पर्यंत जंगलातून नाहीसा झाला होता. २०१६ नंतर सुमारे ३० कावळे सोडले. शत्रू ओळखायला शिकवूनही ‘इओ’ या शिकारी पक्ष्याने त्यातले बरेच मारले आणि २०२० मध्ये उरलेले पाच परत आणावे लागले. इओ तिथलाच, तोही जपायचा पक्षी, त्याला कोण आणि का हटवणार? शेवटी २०२४ मध्ये पाच कावळे माउई बेटावर सोडले. तिथे इओ नाही.