आईचा गुडघा बदललाय, गावच्या घरी आणल्यावर काय काळजी घ्यायची?

पहिलं म्हणजे गुडघ्याखाली उशी नको, बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो मग सरळ व्हायला त्रास, द्यायचीच तर टाचेखाली द्या. व्यायाम दुखलं तरी चुकवायचे नाहीत, पेनकिलरनंतर अर्ध्या तासाने केले की सोपं जातं. आपल्याकडे जांभ्याच्या पायऱ्या, तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि पावसात शेवाळलेल्या खळ्यात वॉकर घेऊन अजिबात नको, पडवीतच फेऱ्या मारू देत. कमोडची खुर्ची आणाच. विळीवर बसून मासे कापणं बंद (ऐकणार नाही, माहितीये!). पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर लगेच डॉक्टरांना फोन, अचानक दम लागला तर थेट हॉस्पिटल.