शेव्हर्लेची अमेरिकन स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट, तिची बॉडी फायबरची असते ना? मग 1970 च्या दशकातली घेताना गंज बघायची गरज काय?

गरज आहे, चांगलीच आहे. फायबर ही नुसती वरची कातडी. खालची चासी लोखंडी, आणि पुढच्या काचेची चौकट व दारांच्या बिजागऱ्या धरणारा सांगाडाही पोलादी. 1963 ते 1982 च्या गाड्यांतल्या या सांगाड्याला तिकडे 'बर्डकेज' म्हणतात. सौदा फिसकटतो तो बहुतेक इथेच.

मुळात फायबर आलं ते गंजासाठी नव्हे, घाईपोटी. जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियात नमुना दाखवला आणि 30 जूनला मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात पहिली गाडी तयार. पत्रा दाबायचे डाय इतक्यात होत नाहीत, मोजक्या गाड्यांना परवडतही नाहीत. त्या वर्षी 300 च गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, बॉडी 46 तुकडे चिकटवून जोडलेली. आणि दिवे लागेनात! पत्र्याच्या गाडीत अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, बॉडीतूनच मिळतं. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून दिव्यांना वेगळी अर्थची वायर ओढावी लागली. अजूनही जुन्या कॉर्व्हेटचा मागचा दिवा मिणमिणत असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थचं टोक पॉलिश पेपरने घासून बघा.

आता बर्डकेज. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरतं आणि खांबाच्या बुडाशी साचतं. बाहेरून काहीच कळत नाही, कारण फायबरवर फोड येत नाहीत. डॅशबोर्डखाली, बसणाऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला असलेलं प्लास्टिकचं पॅनेल काढा. आत टॉर्च मारून खांबाचा बुडखा आणि बॉडी माउंट (बॉडी चासीला बसवायची जागा) पाहा. जमलं तर काचेभोवतीची स्टीलची पट्टीही उतरवून बघा. गालिचा ओला असेल तर समजून जा. मग गाडीखाली शिरा, मागच्या चाकांच्या पुढे चासी वर वळते तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं तर पुढचं बोलणंच नको.

जुनी दुरुस्ती झाकणारी पुट्टी शोधायला लोहचुंबक नेऊ नका, फायबरला तो चिकटतच नाही. पॅनेलची मागची बाजू बघा. कारखान्याचं काम एकसारखं असतं, दुरुस्तीत फायबरच्या मॅटचे धागे आणि रेझिनचे (चिकट राळेचे) ओघळ दिसतात. रंगाला तडा असेल तर तिकडे दुर्लक्ष करता येईल. बर्डकेज सडला असेल तर बॉडी चासीवरून उचलावी लागू शकते, आणि तो खर्च बऱ्याचदा गाडीच्या किमतीपुढे जातो.

बाकी कोणी '1983 चं मॉडेल' म्हणून विकायला आला तर कागद नीट वाचा. त्या वर्षीची गाडी विक्रीला आलीच नाही. 43 चाचणीच्या बनल्या, त्यातली उरलेली एक केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे.