शब्दांची शिदोरी: क्यू हातात राहतो तेव्हा

प्रश्न : ताई, माझं इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे. गेल्या वर्षी अवघड शब्दांची एक जाडजूड यादीही पाठ केली. तरी स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द करायच्या खेळात, आठवीतली पुतणी मला सरळ हरवते. ती कसले कसले दोन अक्षरी शब्द लावते, ते मी कधी ऐकलेलेही नाहीत. नेमकं काय पाठ करू?

उत्तर : पुतणीचं बरोबर चाललंय. तुमच्या यादीत ‘मॅग्नॅनिमस’सारखे शब्द असणार. शब्द सुरेख आहे, पण त्याची अक्षरं अकरा आणि तुमच्या रॅकवर, म्हणजे टाइल मांडायच्या पट्टीवर, टाइल सातच. स्क्रॅबलला लागतात ते पिटुकले शब्द, आणि वाचनात ते आपल्या नजरेखालून जातच नाहीत.

मला हे एका क्यूने शिकवलं. दहा-बारा वर्षांपूर्वीचा डाव. पिशवी रिकामी झाली होती, समोरच्याने शेवटची टाइल लावली, तरी मी ८ गुणांनी पुढे होते. हातात मात्र एकटा क्यू उरला होता. नियमानुसार त्याचे १० गुण माझ्यातून वजा झाले आणि समोरच्याला मिळाले. ८ गुणांनी पुढे असलेली मी १२ गुणांनी हरले. पटावर एक ‘आय’ मोकळा होता, त्याच्या आधीचं घरही रिकामं होतं. क्यू-आय असा दोन अक्षरी शब्द असतो, हे मला माहीतच नव्हतं. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. त्या रात्री मी वही घातली. तिच्या पहिल्या ओळीवर हाच शब्द आहे.

म्हणून सुरुवात दोन अक्षरी शब्दांपासून करा. इंग्रजीत ते शंभराहून अधिक आहेत आणि निम्मे तरी तुम्हाला येतातच. उरलेल्यांत आधी जड, म्हणजे जास्त गुणांच्या अक्षरांचे घ्या. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं लाडकं छोटं रूप. जे-ओ हा स्कॉटलंडमधला शब्द, अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी. एक्स-आय हे ग्रीक अक्षराचं नाव. हातात नुसते स्वर आले की ए-आय लावा, तो दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा स्लॉथ. ए-ए म्हणजे खडबडीत लाव्हा, हा शब्द हवाईचा.

मग ज्यांत क्यूनंतर ‘यू’ येत नाही, असे शब्द. इथे आपण मराठी माणसं थोडी पुढे आहोत, कारण यातले बरेच शब्द अरबीतून आलेले. तिथलं घशातून उच्चारायचं एक अक्षर इंग्रजीत क्यूने लिहितात. एफ-ए-क्यू-आय-आर मोठ्याने वाचा : फकीर! क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. असे शब्द मला एकदा पाहून कायमचे लक्षात राहिले.

अर्थ मात्र सोडू नका. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. त्यांनी शब्द निव्वळ अक्षरांची माळ म्हणून साठवले. त्यांच्या स्मरणशक्तीला माझा मनापासून नमस्कार, पण माझ्या डोक्यात बिनअर्थाचा शब्द आठवडाभरही टिकत नाही. वहीत शब्द, शेजारी चार शब्दांत अर्थ, एवढं पुरतं. रोज पाचच लिहा.

एक सवय अजून. अक्षरं रॅकवर सतत हलवत राहा. आर, ई, टी, ए, आय, एन, एस ही सात आली तर ‘रिटेन्स’ होतो, ‘नॅस्टिअर’ होतो, ‘रेटिनाज’ही होतो. सातही एकदम लावल्या की ५० गुण वरचे. आणि एस जपून वापरा. शंभर टाइलमध्ये ई बारा आहेत, एस फक्त चार. हा खेळ रचणारे आल्फ्रेड बट्स हे वास्तुविशारद. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी वृत्तपत्राच्या पानांवरून मोजलं, पण अनेकवचनं फार सोपी होऊ नयेत म्हणून एस मुद्दाम कमी ठेवले.

प्रश्न : इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडं सुटतच नाही. सगळे शब्द ओळखीचे असतात, तरी उत्तर येत नाही. माझा शब्दसंग्रह कमी पडतो का?

उत्तर : कमी पडत नाही. कोडं घालणारा ओळखीचाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. ‘फ्लॉवर’ दिसला की आपल्याला फूल आठवतं. पण ‘फ्लो’ म्हणजे वाहणं, म्हणून वाहते ती ‘फ्लोअर’, स्पेलिंग तेच. मग उत्तर एखाद्या नदीचं नाव निघतं. ‘लव्ह’ म्हणजे टेनिसमधलं शून्य, म्हणून ओ हे अक्षर. ‘क्वाएट’ म्हणजे संगीतलिपीतला पी, ‘लाउड’ म्हणजे एफ. ‘वर्कर’ बहुतेक वेळा मुंगी किंवा मधमाशी. ‘ब्रोकन’, ‘ड्रंक’, ‘मॅड’ असं काही आलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कटून पाहायची. क्लूमधून, म्हणजे कोड्यातल्या सूचक वाक्यातून, साध्या अर्थाची व्याख्या शोधायची असेल, तर ती जवळजवळ नेहमी अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते. मधला भाग अक्षरं जुळवण्यासाठी.

माझा सर्वांत आवडता क्लू जुना आणि प्रसिद्ध आहे. त्यात फक्त एच-आय-जे-के-एल-एम-एन-ओ एवढीच अक्षरं. उत्तर पाच अक्षरी. मी दोन दिवस तो घोळवत होते. मग भांडी विसळताना नळाकडे लक्ष गेलं आणि सुटला : एचपासून ओपर्यंत, म्हणजे ‘एच टू ओ’, म्हणजे ‘वॉटर’! त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. म्हणून सांगते, उत्तर लगेच उलटून पाहू नका, दोन दिवस द्या.

प्रश्न : वर्डलसाठीही, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळासाठीही, अशीच वही करावी का?

उत्तर : गरज नाही. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये हा खेळ सर्वांसाठी खुला केला. त्याआधी इंग्रजीतल्या सुमारे १२ हजार पाच अक्षरी शब्दांमधून त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी ओळखीचे साधारण अडीच हजार निवडले. म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत असलेलंच असतं. पहिल्या शब्दात दोन-तीन स्वर आणि आर, टी, एस, एल यांतली अक्षरं येऊ द्या. मी ‘स्लेट’ने सुरुवात करते. आणि एकच अक्षर दोनदा येऊ शकतं हे विसरू नका, माझे बहुतेक डाव तिथेच गेले आहेत.