मुलांना आजाराचे नाव सांगावे

आपल्या पत्नीला कर्करोग झाला असून मुलांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे. त्यांची केमोथेरपी (कर्करोगावरील औषधोपचार) सुरू होण्यापूर्वीच मुलांशी बोलावे, असे मी अनुभवावरून सुचवेन. ‘आईला बरं नाही’ एवढेच सांगितल्यास मुले साध्या तापालाही घाबरू लागतात. म्हणून ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपल्या हट्टामुळेच आई आजारी पडली असे वाटू शकते आणि ते तो बोलून दाखवतोच असे नाही; तेव्हा हा आजार कोणाच्या हट्टाने होत नाही व जवळ बसल्याने लागतही नाही, हे त्याने न विचारताच सांगावे. केस गळणार असतील (सर्वच औषधांनी ते गळत नाहीत), तर उशीवर दिसण्याआधी कल्पना द्यावी. या औषधांनी आईच्या रक्तातील, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर सर्दी झालेल्या मुलाला दूर ठेवावे लागते, आणि नेमके तेव्हा त्याला आईने झिडकारल्यासारखे वाटते. त्यामुळे कारण आधीच समजावून दारातून गप्पा चालू ठेवाव्यात. ‘आता तूच घराची आई’ असे थोरल्या मुलीला म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिथल्या तिथे थांबवावे. वर्गशिक्षकांनाही कळवावे. ‘आई मरेल का?’ या प्रश्नावर खोटे वचन न देता, डॉक्टर उपचार करत आहेत आणि काही बदलले तर तुला मीच सांगेन, असे म्हणावे.