गळा आणि पाय : संगीत नाटक आणि नृत्यदिग्दर्शन, वाचकांचे प्रश्न

खानापूरहून एक विद्यार्थिनी विचारतात : माझी कथकची मध्यमा पूर्ण झाली आहे, गाण्याच्या दोन्ही प्रवेशिका दिल्या आहेत. वेगवेगळं दोन्ही जमतं. पण नाचत गायचं म्हटलं की दुसऱ्या कडव्याला दम लागतो आणि सूर सुटतो. घरचे म्हणतात, दम कमी आहे. रोज धावायला जाऊ का?

धावायला जरूर जा, पण दुखणं तिथे नाही. नाचताना पाठ ताठ राहावी म्हणून पोट आत ओढलेलं असतं, मग श्वास छातीच्या वरच्या भागातच घेतला जातो. गाण्याला लागतो तो खालच्या बरगड्या फाकवून घेतलेला श्वास. दोन क्लासांत शरीराला दोन निराळ्या सवयी लागल्या, आणि त्या एकत्र वापरायला कुणी शिकवलंच नाही. ते स्वतंत्रपणे शिकावं लागतं.

आधी चूक कुठली ते ओळखा. मोबाइलवर तानपुरा लावून नाचत गा आणि दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. ओळीच्या शेवटी सूर उतरत असेल तर श्वास संपलेला आहे. ओळ उचलतानाच सूर चढत असेल तर मान आणि खांदे आखडलेले आहेत. पहिल्याला रियाज लागतो, दुसऱ्याला हातांच्या हालचाली बदलाव्या लागतात. हात डोक्यावर नेलेला असताना वरचा षड्ज लावायला लागू नये, एवढं पाहिलं तरी खूप फरक पडतो.

रियाज चार आठवड्यांचा धरा, रोज २० मिनिटं. पहिल्या आठवड्यात मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत जागच्या जागी पावलं टाका. आठ मात्रा ‘सा’ लावा, चार मात्रांत श्वास घ्या. तळहात बरगड्यांवर ठेवा आणि श्वास घेताना खांदे वर गेले तर ती फेरी धरू नका. दुसऱ्या आठवड्यात त्याच पावलांवर अलंकार घ्या. तिसऱ्यात बराबरीच्या लयीतला तत्कार (कथकचं मूळ पदन्यासाचं काम) आणि त्यावर पदाचा मुखडा. चौथ्यात पाय दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गाणं मात्र मूळ लयीत. पाय दुगुनीत गेले की गाणंही पळायला लागतं. ही सगळ्यांत अवघड जागा, तिथे घाई नको.

मग पद कागदावर उतरवा. प्रत्येक ओळीत श्वासाच्या जागी पेन्सिलीने खूण करा, खाली त्या ओळीची हालचाल लिहा. तान किंवा लांब आलाप असेल तिथे पाय स्थिर ठेवा, काम हातांना आणि डोळ्यांना द्या. चक्कर आणि जोरकस ठोके कडव्यांमधल्या संगीताच्या तुकड्यात टाका, कारण ठोक्याबरोबर आवाजाला हिसका बसतो. चक्करनंतर लगेच शब्द नको. तीनताल मिनिटाला १२० मात्रांनी चालला असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाच्या १६ मात्रांचा एक फेरा, ८ सेकंदांचं होतं. तेवढ्यात दोन शांत श्वास बसतात आणि डोकंही थाऱ्यावर येतं. म्हणून चक्कर संपण्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि ओळीची सम यांत एक पूर्ण आवर्तन रिकामं ठेवा. पट्टीही अर्ध्या सुराने उतरवायला लाजू नका. बसून पेटीची काळी चार ही पट्टी सहज लागत असेल तर नाचताना तिच्या लगत खालची पांढरी पाच घ्या.

माइकचा हिशेबही तालमीतच करा. १८८०च्या ३१ ऑक्टोबरला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा तर नटाने एका जागी उभं राहूनच पद म्हणणं भाग होतं. आज पाय मोकळे झाले ते माइकमुळे. पण कॉलरचा माइक मान वळवली की आवाज सोडतो आणि घुंगरांचा गलका तेवढा पकडतो. कानावर अडकवायचा माइक मागा. त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला हवं; तोंडासमोर आलं की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. माइकची कमरेची डबी कमरपट्ट्यात खोचली तर चक्करमध्ये सटकते. तिच्यासाठी ब्लाउजच्या पाठीला आतून कापडी पिशवी शिवून घ्या.

निपाणीहून एक पालक विचारतात : मुलाला बारावीनंतर यातच जायचं आहे. पोट भरेल का? आणि पाठवायचं तर कुठे?

नुसत्या प्रयोगांच्या नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, घर चालवणारे थोडेच असतात, आणि तालमीच्या महिन्यांत हातात फारसं काही पडत नाही. या धंद्यात टिकतात ते प्रयोग करतात, नाच बसवतात, शिकवतात आणि लग्नातल्या संगीतापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत कामं घेतात. म्हणून मुलाजवळ शिकवण्याची पात्रता हवी, असं आम्ही आग्रहाने सांगू. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद नृत्यात किंवा गायनात पूर्ण केली तर क्लास काढताना आणि शाळेत अर्ज करताना ती कामी येते. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, म्हणजे साधारण सात वर्षं. बारावीनंतर सुरुवात करणाऱ्याने हे आकडे आधीच मांडावेत.

पदवी मराठीतून आणि संगीत-नृत्य-नाट्य एका छताखाली हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. कानडी चांगलं येत असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडूचं नीनासम. तिथे नाटकाचं प्रत्येक काम हाताने करायला लागतं आणि तीच त्या शिक्षणाची ताकद आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पण तिथे पदवी आणि नाटकांचा अनुभव आधी लागतो. त्याचंच बेंगळुरूचं केंद्र एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतं.

मोठ्या शहरांतल्या संगीतिकांत चाचणीला साधारण तीन गोष्टी पाहतात : एक गाणं, तिथल्या तिथे शिकवलेला नाचाचा तुकडा आणि संवादाचं वाचन. आपल्याकडची मुलं मधल्या गोष्टीत मागे पडतात. अंगात नाच नसतो असं नाही. क्लासमध्ये एकच नाच तीन महिने घोटायची सवय असते, आणि तिथे आठ-आठ मात्रांच्या चार ओळी दहा मिनिटांत उचलायच्या असतात. आठवड्यातून दोनदा अनोळखी तुकडा घेऊन घड्याळ लावून बसवायची सवय मुलाला आतापासून लावा. समूहात निवड झाली की ‘डान्स कॅप्टन’च्या कामाकडे लक्ष ठेवावं. नृत्यदिग्दर्शक पहिल्या प्रयोगानंतर निघून जातो, पुढे नाच जसाच्या तसा राखणारा आणि नव्या माणसाला शिकवणारा तो हा. नृत्यदिग्दर्शक होण्याची सगळ्यांत खात्रीची वाट तिथून जाते.

बेळगावहून एक तरुण विचारतात : दोन वर्षं शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवतो. मैदानावर छान दिसलेला नाच स्टेजवर विस्कटतो. यंदा एका शाळेने ४० मुलं दिली आहेत. शिवाय पैशांची बोलणी नीट जमत नाहीत.

४० मुलं एका वेळी उभी राहतील का, हे पहिल्या दिवशी टेप घेऊन मोजा. मंडपवाल्याचा स्टेज २४ फूट रुंद आणि १६ फूट खोल धरू. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडले की २० फूट उरतात. हात पसरलेल्या मुलाला चार फूट लागतात, म्हणजे रांगेत पाच. पुढचे तीन फूट माइक आणि कडेसाठी, मागचा एक फूट पडद्यासाठी गेला की खोली १२ फूट, म्हणजे तीन रांगा. झाली १५ मुलं. तेव्हा ४० मुलांचे तीन गट पाडा. एक गट स्टेजवर असताना दुसरा विंगेत तयार, आणि शेवटच्या मुखड्याला सगळे आले तर हात अंगाजवळ ठेवायचे. मैदानावरही चुन्याने बरोबर २४ बाय १६चा चौकोन आखूनच तालीम घ्या. तुमचा नाच विस्कटतो तो इथे : मुलांचे पाय मैदानाच्या अंतराला सरावतात आणि स्टेजवर एकमेकांवर आदळतात.

स्टेजच्या पुढच्या कडेला मध्यभागी शून्य, दोन्हीकडे दर दोन फुटांवर २, ४, ६, ८ असे आकडे पांढऱ्या पट्टीवर चिकटवा. ‘मीनाच्या बाजूला’ असं सांगितलेलं मूल मीना चुकली की चुकतं. ‘उजव्या चारवर’ सांगितलेलं चुकत नाही. स्टेजवर जे आकडे असतील तेच मैदानावर.

गाणं साडेतीन मिनिटांच्या वर नको. लय मिनिटाला १२८ ठोक्यांची असेल तर एक आठ (आठ ठोक्यांचा तुकडा) ३.७५ सेकंदांचा होतो, आणि साडेतीन मिनिटांत बरोबर ५६ आठ बसतात. मुखडा परत परत येतो, म्हणून नवे शिकवायचे ३०च्या आसपास. आठ-दहा वर्षांचं मूल एका तासात सहा ते आठ नवे आठ टिकवतं. पाच तास पावलांना, तीन तास जागा बदलायला, दोन तास सलग आणि एक तास प्रत्यक्ष स्टेजवर असा ११ तासांचा हिशेब शाळेपुढे मांडा. ‘चार दिवसांत बसवून द्या’ म्हणणाऱ्या शाळेला पावलं कमी आणि हलगीवर लेझीम असा नाच द्या. तो चार दिवसांत बसतो आणि दिसतोही. मुलांसमोर तोंड करून शिकवत असाल तर तुमचा डावा हा त्यांचा उजवा असतो. पाठ करून शिकवा, किंवा आरशासारखं उलटं करायची सवय ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की अर्धी रांग उलटी फिरते.

भाड्याचे पोशाख कार्यक्रमाच्या दिवशीच येतात, तेव्हा शेवटच्या दोन तालमी तितक्याच घेराच्या घरच्या परकरावर आणि अनवाणी घ्या. जानेवारीत रात्री उघड्या स्टेजवर दव पडतं आणि प्लायवूड निसरडं होतं. कार्यक्रमाआधी कोरड्या फडक्याने पुसायला एक माणूस नेमा. गाणं पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ‘एका नाचाचे इतके’ हा हिशेब सोडा. तालमीचे तास, साथीदाराचं मानधन, जाणं-येणं वेगवेगळं लिहा, पोशाख शाळेकडे. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्या. मुलं वाढली किंवा ऐनवेळी गाणं बदललं तर जादा तासांचे पैसे, ही ओळ कागदावर हवीच. आणि वहीत तीन रकाने करा : शब्द, पावलं, जागांचा नकाशा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की नोंदलेली असावी लागते. दुसऱ्या शाळेत तुमचाच नाच दुसऱ्याच्या नावावर दिसला तर दाखवायला ही वही असेल.

चिकोडी तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाचा प्रश्न : यात्रेत जुनं संगीत नाटक करायचं आहे. परवानगी कुणाची लागेल? नायकाची पट्टी काळी एक आहे, नायिकेची काळी चार. द्वंद्वगीताचं काय करावं?

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी नाटक हक्कमुक्त होतं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५मध्ये गेले, देवल १९१६मध्ये, खाडिलकर १९४८मध्ये. त्यांची नाटकं मोकळी आहेत. विद्याधर गोखले १९९६मध्ये, दारव्हेकर १९९९मध्ये गेले, वसंत कानेटकर त्यानंतर. त्यांच्या नाटकांना परवानगी लागते. चाली देणाऱ्याचा हक्क वेगळा मोजायचा. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण देणगी पासावर आत सोडलं तर ‘पैसे घेतले नाहीत’ असं म्हणता येणार नाही. हाच प्रयोग पुढे कोल्हापूरकडे न्यायचा असेल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता बरीच आधी पाठवा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून पाच अंकी नाटक कापूनच उभं करा. कापताना आधी साक्या-दिंड्या या छोट्या छंदोबद्ध गाण्यांची पुनरावृत्ती काढा, पदं ठेवा.

द्वंद्वगीताचं सोपं आहे. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, तेव्हा नायकाचा पंचम हाच नायिकेचा षड्ज. दोघांची कडवी आपापल्या पट्टीत ठेवा, मध्ये ऑर्गनवाल्याला दोन आवर्तनं द्या. त्या पंचमावर ठेहराव घेऊन तो पट्टी बदलेल आणि ऐकणाऱ्याला धक्का बसणार नाही. तबले मात्र दोन लावून ठेवा. एकत्र म्हणायच्या ओळी मधल्या पट्टीत, दोघांना झेपतील अशा, सर्वांत शेवटी.

बेळगावच्याच वडगावमधून : मला कानडी मंडळींच्या श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यात गाण्याचं बोलावणं आहे. कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. जावं का?

जावंच. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३चा, याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि त्यांच्या पदांत कानडी चालीही आल्या. कानडी कंपनी नाटक गाजवणारे एणगी बाळप्पाही सौंदत्ती तालुक्यातलेच. दोन्ही भाषांत उभं राहणाऱ्या कलावंताला या पट्ट्यात वर्षाचे जास्त महिने काम मिळतं.

अडचण येईल ती स्वरांची. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठी गळा गाताना सगळेच लांबवतो. ‘बेळे’ यातला पहिला ए आखूड ठेवला तर अर्थ पीक, लांबवला तर डाळ. संहिता देवनागरीत लिहून घेताना प्रत्येक आखूड ए-ओखाली टिंब द्या, आणि पदाची ओळ गाण्याआधी एखाद्या कानडी माणसाकडून नुसती बोलून घेऊन रेकॉर्ड करा. चाल नंतर बसवा. आधी चाल बसली की चुकीचा उच्चार तिच्याबरोबरच पक्का होतो आणि मग सुटत नाही.