दुसऱ्यावरून चौथ्यावर आलेली गाडी घ्यावी का?

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 36, पत्नी शिक्षिका, मुलगी सहा वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 82,000, त्यातून घराचा हप्ता 26,000 आणि घरखर्च तीसेक हजार. बँकेत पाच लाखांची एफडी आहे. 2014 ची वॅगन आर देऊन ह्युंदाई व्हेन्यूचं वरचं व्हेरिएंट घ्यायचं ठरलं होतं: ऑन-रोड 13 लाख, चार लाख भरायचे आणि उरलेल्या नऊ लाखांचं सात वर्षांचं कर्ज. जानेवारीत वर्षभराच्या विक्रीचे आकडे आले आणि मेव्हण्याने फोन केला, "ह्युंदाई दोन नंबरवरून चारवर गेली, विकताना कोणी विचारणार नाही." आता बुकिंग रद्द करावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मेव्हण्याने वाचलंय ते खरं आहे. 2024 मध्ये मारुतीच्या पाठोपाठ ह्युंदाई होती. 2025 मध्ये महिंद्रा दुसरी, टाटा तिसरी आणि ह्युंदाई चौथी आली. पण या पायऱ्या किती उंचीच्या आहेत तेही बघा. महिंद्राने सव्वासहा लाखांच्या आसपास गाड्या दिल्या, ह्युंदाईने पावणेसहा लाखांच्या जवळपास. देशात वर्षभरात 45 लाखांच्या आसपास कार जातात, त्यात हा फरक शंभरात एक-सव्वा गाडीचा. मारुती एकटी शंभरातल्या चाळीस विकते, खाली तिघं एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यातल्या एकाने पाय सरकवला म्हणून तुमची गाडी भंगारात निघत नाही.

शिवाय पहिला नंबर कोणाचा, हे तुम्ही वर्ष कुठून मोजता त्यावर ठरतं. जानेवारी ते डिसेंबर 2024 धरलं तर सर्वाधिक खपलेली गाडी टाटा पंच, दोन लाखांच्या वर. कित्येक दशकांनी मारुतीबाहेरची गाडी पहिली आली म्हणून केवढा गाजावाजा झाला होता! एप्रिल 2024 ते मार्च 2025 हे आर्थिक वर्ष धरलं तर पहिली तुमच्या दारात उभी असलेली वॅगन आर. या दोन वर्षांतले नऊ महिने तर सामाईकच आहेत.

आणखी एक गोष्ट शोरूमवाले स्वतःहून सांगणार नाहीत. कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात तो आकडा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. गाडी ग्राहकाच्या घरी गेली की नाही, ते आरटीओच्या नोंदणीवरून कळतं, आणि डीलरांची संघटना फाडा तेच आकडे देते. सप्टेंबर 2024 मध्ये याच फाडाने सांगितलं होतं, की डीलरांच्या आवारात 80 ते 85 दिवसांचा माल पडून आहे, किंमत 79,000 कोटी. कंपनीच्या हिशेबी या गाड्या विकल्या गेलेल्या होत्या! म्हणून मी यादीपेक्षा आवाराकडे बघतो. गाड्या उन्हात तापत उभ्या असतील तर घासाघीस करायला तुमची बाजू भक्कम.

मग नंबराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण यादीच्या तळाशी. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. दोघांचाही इथला खप जेमतेम होता. कंपनीने गाशा गुंडाळला की सर्व्हिस चालू राहिली तरी जुन्या गाडीचा भाव पडतो, कारण घेणाऱ्याला पार्टची धास्ती असते. तेवढ्यासाठी यादी जरूर बघावी. ह्युंदाई त्या रांगेत नाही. उलट जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना तिनेच विकत घेतला, आणि तुमची नवी व्हेन्यू तिथेच तयार होते.

मला काळजी वाटते ती तुमच्या सात वर्षांची. नऊ लाख, 9 टक्के, 84 हप्ते: महिना साधारण 14,480. एकूण व्याज तीन लाख सोळा हजार. चार वर्षांनी गाडी बदलावीशी वाटली तर तेव्हाही बँकेचे साडेचार लाखांच्या वर देणं असेल.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलाय, त्यात खालचं व्हेरिएंट ऑन-रोड दहा लाखांत बसतंय. तीन लाखांचा फरक मुख्यतः सनरूफ, मोठा स्क्रीन आणि अलॉय व्हील यांचा. (सनरूफ मुलीला हवंय असं तुम्ही लिहिलंय. नाशिकच्या एप्रिलमध्ये ती किती वेळा उघडेल, ते तिलाच विचारा.) जुन्या बाजारात या चैनीचे पैसे फार थोडे परत मिळतात, तिथे पहिले प्रश्न साल, किलोमीटर आणि कितवा मालक हेच. खालचं घेतलंत तर सहा लाखांचं कर्ज चार वर्षांत फिटतं, हप्ता 14,930. म्हणजे महिन्याला साडेचारशे जास्त, आणि व्याज तीन लाख सोळा हजारांऐवजी एक लाख सतरा हजार. मुलगी दहा वर्षांची होईल तेव्हा हप्ता संपलेला असेल. सात वर्षांच्या कर्जात ती तेरा वर्षांची होईपर्यंत तुम्ही भरतच राहणार.

चार लाख भरताना एफडी रिकामी करू नका. वॅगन आरचे लाखभर येतायत, एफडीतून तीन काढा, दोन राहू द्या. दोन्ही हप्ते आणि घरखर्च धरून महिन्याला 71,000 लागतील, तेव्हा दोन लाख म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत. पहिलं वर्ष जपून काढा. आणि गाडीसाठी मुलीच्या नावची 5,000 ची एसआयपी थांबवायचं मनात आहे, ते काढून टाका. हातात उरणाऱ्या अकरा हजारांत ती आणि पेट्रोल ओढाताण करून बसतं.

वॅगन आरच्या भावावरून डीलरशी भांडू नका, दोन ठिकाणी विचारून बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18 वर आला. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरणारच. नव्या गाडीत तुम्हाला तोच फायदा मिळालाय.

डीलर 35,000 सूट देतोय ती गाडी 2025 मध्ये तयार झालेली आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल छापून येतं, पुढचा गिऱ्हाईक तेच वाचणार. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या. तुम्ही वॅगन आर बारा वर्षं वापरलीत, त्यामुळे मला तरी हरकत दिसत नाही. पण 35 वर थांबू नका, 50 मागा.

बुकिंग रद्द करू नका, व्हेरिएंट बदला. कोटेशनमध्ये खालून तिसरी ओळ 'हँडलिंग चार्जेस' 6,500 अशी आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी एका शोरूमला मी हे पैसे मुकाट दिले होते, कशाचे ते आजतागायत कळलेलं नाही. सही करण्याआधी ती ओळ खोडून घ्या.